एकेचाळीस मुलगे आणि एक कोरं पान

आमच्या शेजारच्या पगारे बाई रोज सकाळी साडेसातला हजेरी घेतात. वर्गात एकेचाळीस मुलगे आहेत आणि सगळे अतिशय शांत आहेत. शांत असण्याचं कारण एवढंच, की त्यांतला एकही आज हयात नाही. सगळे एकोणिसाव्या शतकातले आहेत.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत बाईंचं आणि माझं घर एका भिंतीनं जोडलेलं आहे. ती भिंत इतकी पातळ आहे की पलीकडे बाईंनी चष्मा घडी केला तरी आम्हाला कळतं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाई शिकवण्या घेतात. "गोविंद महादेव, हजर. वामन गोपाळ, हजर. सदाशिव, परत शाई सांडलीस?" असं रोज ऐकू यायचं. पण मुलं येताना दिसेनात, जाताना दिसेनात, दाराशी चपला नाहीत. शेवटी माझी बायको मंगल म्हणाली, "अहो, बाई एकट्याच बोलतायत वाटतं. जरा बघून या." मी वाटी घेऊन साखर मागायला गेलो.

बाईंनी साखर दिली नाही. आधी हात धुवायला लावले, मग ते कोरडे झालेत का ते उलटसुलट करून पाहिले आणि मला आत घेतलं. आत द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येक पेटीत वेखंडाचा तुकडा, आणि वर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली जुनी पुस्तकं.

"हा माझा वर्ग," बाई म्हणाल्या. "आवाज करू नका."

बाई जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांतून छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, आई गेली, आणि नंतर या वर्गानं घर भरलं. त्या जमवतात ती मुलांची जुनी पुस्तकं. शिळाप्रेसवर छापलेली बोधकथांची, उजळणीची, भूगोलाची. त्यांतल्या नकाशात गोदावरी कुठूनही निघून कुठेही जाते. पण बाईंना पुस्तकाशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना हवं असतं त्या पुस्तकात बसलेलं मूल. कोऱ्या करकरीत प्रतीकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. "हे पुस्तक शाळेत गेलंच नाही," म्हणतात आणि परत करतात. उलट जिथं एखाद्या पोरानं राजाला मिशा काढल्या आहेत, समासात गणितं चुकवली आहेत आणि पहिल्या पानावर 'हे पुस्तक जो चोरील त्याचे पोट दुखेल' असं लिहून खाली नाव घातलं आहे, तिथं बाई विरघळतात. काही पोरांनी नावं मोडीत लिहिली आहेत, म्हणून साठी उलटल्यावर बाई मोडी शिकल्या.

प्रवेशाचा नियम कडक आहे. नाव मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं. वडिलांच्या वळणदार अक्षरातलं चालत नाही. "पालकांना प्रवेश नाही," बाई म्हणतात. "कळलं, की नुसतं ऐकलं?"

हे त्यांचं पालुपद आहे. भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, मला, सगळ्यांना. मंगल आता मलाही तसंच विचारते.

नाव पटलं की ते हजेरीपटात चढतं. हा लांबलचक, खाकी पुठ्ठ्याचा, खराखुरा हजेरीपट आहे. पुस्तक पेटीत असेल तर हजर. वाचायला दिलं असेल किंवा बांधणीला गेलं असेल तर गैरहजर. बांधणी करणाऱ्या चाचांच्या दुकानाला बाई दवाखाना म्हणतात. फोन करून विचारतात, "आमच्या वामनचं कसं आहे? पाठ बरी झाली?" चाचाही आता सरावले आहेत. "दो दिन और, बाई," म्हणतात, "अभी चिपकाया है, हिलने का नहीं." थंडी पडली की सगळा वर्ग गच्चीवर सतरंजीवर उन्हात बसतो. ती सहल. कबुतरांवर लक्ष ठेवायला मला बसवतात, आणि मीही रविवारची झोप सोडून बसतो, कारण नाही म्हणायची सोय नसते.

चौतीस नंबरचा मुलगा मात्र नियमात बसत नव्हता. त्यानं नाव कुठेच लिहिलेलं नाही. नुसता शाईचा अंगठा, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. बाई दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी भिंतीतून ऐकू आलं, "चौतीस, अंगठेबहाद्दर, हजर."

एकदा पुण्याचे एक नामांकित संग्राहक बाईंकडे आले. साक्षीदार म्हणून मी हजर होतो. गृहस्थांनी पांढरे हातमोजे घातले. बाईंनी ते काढायला लावून हात धुवायला पाठवलं. मग त्यांनी उजळणीचं एक पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हे दीडशे वर्षांचं पुस्तक आहे. याच्यात लाल पेन्सिल कोणी चालवली?"

"मी."

"अहो, पण का?"

"सात आठे चोपन्न लिहिलंय त्यानं. दीडशे वर्षं कोणी तपासलं नव्हतं. मुलाला कळायला नको, कुठं चुकलं ते?"

गृहस्थ खुर्चीत बसले. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी दुसरं एक पुस्तक, ज्यात लाल पेन्सिल नव्हती, ते विकत मागितलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्षाच्या मध्ये शाळा सोडल्याचा दाखला मिळत नाही," म्हणाल्या. ते पुन्हा आले नाहीत.

असं सगळं मजेत चाललं होतं. मंगलचा कुकरही बाईंच्या हजेरीवर लागायचा. गोविंदला गॅस पेटवायचा, अंगठेबहाद्दराला तिसरी शिट्टी.

पण हजेरीपटात एक पान होतं. वर ठळक अक्षरात 'मुली' असं लिहिलेलं, खाली रेघा आखलेल्या, आणि सगळं कोरं. मुलींची नावं लाल शाईनं लिहायची जुनी पद्धत, म्हणून बाई एक लाल शाईपेनही बाळगून होत्या. हजेरी संपली की हे पान उघडायच्या. ते भिंतीतून कळायचं. एकेचाळीसनंतर पान उलटल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग हजेरीपट मिटल्याचा आवाज. कोणाकडे जुनी पुस्तकं निघाली असं कळलं की बाई बस पकडून निघायच्या. मालेगाव म्हणू नका, निफाड म्हणू नका. परत आल्या की मी विचारायचो, "मिळाली?" त्या म्हणायच्या, "मुलगाच निघाला." इतक्या पडेल आवाजात हे वाक्य मी आमच्याकडे कधी ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी बाईंना एक छोटा झटका येऊन गेला. डावा हात जरासा कमजोर झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर मला म्हणाल्या, "बोरस्ते, आता प्रवास व्हायचा नाही. बहुतेक ते पान असंच राहणार." मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आलो. मला जेवण गेलं नाही.

आणि मग मला अक्कल सुचली.

देवळाली कॅम्पात एका रद्दीच्या दुकानात मला बोधकथांचं एक जुनं पुस्तक मिळालं. खरोखर जुनं, फक्त नाव नसलेलं. मी बोरू आणला, शाई आणली, शाईत चहाचं पाणी मिसळलं, आणि रविवारी दुपारी चार तास सराव करून पहिल्या पानावर लहान मुलीच्या अक्षरात लिहिलं, 'हे पुस्तक द्वारका केशव हिचे असे.' मंगल म्हणाली, "पकडले जाल." मी म्हटलं, "बाईंची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही."

बाईंनी पुस्तक उघडलं. नाव वाचलं. हजेरीपट ओढला, कोरं पान काढलं, लाल पेनाचं टोपण काढलं. पेन कागदापर्यंत गेलं आणि थांबलं. बाईंनी पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बोरस्ते, उभे राहा."

मी पन्नास वर्षांचा माणूस, विमा कंपनीत अधिकारी, उभा राहिलो.

"लहान मूल जागा मोजून लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला ऐसपैस लिहितं आणि शेवटी जागा पुरत नाही म्हणून अक्षरं दाटीवाटीनं कोंबतं. तुमची द्वारका पहिल्या अक्षरापासून शेवटचा विचार करतेय. ही मुलगी नाही, हा कारकून आहे."

शिक्षा म्हणून मी 'मी पुन्हा खोटी मुलगी लिहिणार नाही' हे दहा वेळा लिहिलं. बाईंनी ते तपासलं, सातव्या ओळीतली चुकलेली वेलांटी लाल केली. मला हसू यायला हवं होतं. पण टोपण काढलेलं ते लाल पेन अजून तसंच पडलेलं होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

मी म्हटलं, "बाई, चुकलो. पण मुलीचं एवढं काय आहे?"

बाई उठल्या. आतल्या कपाटातून, साड्यांच्या खालून, फडक्यात बांधलेलं एक पुस्तक काढून आणलं. पेट्यांतल्या सगळ्यांपेक्षा ते फाटकं होतं. अर्ध्याला वाळवी लागलेली. मधल्या पानावर मोराचं चित्र होतं आणि मोराच्या अंगावर एक लहानसा पिवळट तपकिरी पंजा उमटलेला होता. पाचही बोटं स्पष्ट.

"आईचा आहे," बाई म्हणाल्या. "सात-आठ वर्षांची असेल. शाळेच्या मागच्या भिंतीला गवऱ्या थापायची. आमच्या जातीच्या पोरींना भिंतीच्या आत कोण घेणार? मास्तरांनी वाळवी लागलेली जुनी पुस्तकं जाळायला मागं टाकली, त्यातलं हिनं मोरासाठी उचललं. शेणाच्या हातानं."

मी पंजाकडे पाहत राहिलो.

"शाळेची हजेरी तिला शेवटपर्यंत पाठ होती. सगळे मुलगे, क्रमानं. मला झोपवताना म्हणायची. मला दुसरी अंगाई माहीतच नाही." बाईंनी आईचा आवाज काढला. "'मास्तर नावं घ्यायचा, पोरं हजर म्हनायची. समदी झाली का मी पन म्हनायची हजर. गवऱ्यांना ऐकू जाईल इतपत.'"

"मग बाई, या पुस्तकाचं नाव चढवलं का नाही?"

"नाव कुठंय त्यात? लिहायला शिकली ती साठाव्या वर्षी, माझ्याकडे. पुस्तकात तुझं माहेरचं नाव घाल म्हटलं तर म्हणाली, आता म्हातारपणी नको, पुस्तक खराब होईल. नियम म्हणजे नियम, बोरस्ते. स्वतःच्या मुलीला वशिल्यानं घेणारे हेडमास्तर मी पाहिलेत. आईला वशिल्यानं घेऊ?"

आयुष्यात मी बाईंशी एकदाच वाद घातला, तो तेव्हा.

"चौतीस नंबरचं नाव काय हो?" मी विचारलं.

बाईंनी हजेरीपट जवळ ओढला.

"त्याचा नुसता अंगठा आहे. हिचा तर अख्खा हात आहे. मुलग्यांना अपवाद आणि मुलींना नियम?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "घरी जा. मंगल वाट बघत असेल." मी निघालो. दारात पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "ते द्वारकाचं पुस्तक घेऊन जा. तिला परीक्षेला बाहेरून बसवा."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मंगलनं कुकर लावला नाही. आम्ही दोघं भिंतीपाशी उभे होतो. गोविंद हजर झाला, वामन हजर झाला, सदाशिवाला शाईबद्दल बोलणी बसली. अंगठेबहाद्दर झाला. एकेचाळीसही झाले. पान उलटल्याचा आवाज आला आणि मग रोजच्यासारखंच बराच वेळ काही नाही. मंगलनं माझा दंड धरला होता.

"मुली," बाई म्हणाल्या. खणखणीत, छत्तीस वर्षं वर्ग पेललेला आवाज. "एक. सखू रामा भालेराव."

मग उत्तर आलं. आवाज बाईंचाच होता, पण अगदी लहान, गवऱ्यांना ऐकू जाईल इतपत.

"हजर."