रडवेल तोच क्लॅरिनेट

"प्लॅस्टिकचा? आम्ही काय बादली घ्यायला आलोय?"

लाझोस आजोबांनी तो काळा क्लॅरिनेट एका बोटाने दूर सारला. त्यांची नात, ख्रिसूला नाव तिचं, हिरमुसली. संगीताच्या बाईंनी नवशिक्यांसाठी हाच सांगितला होता, हलका आणि पडला तरी न फुटणारा. पण आजोबा स्वतः जन्मभर गावोगावच्या जत्रांत क्लॅरिनेट वाजवत आलेले. आमच्या डोंगरात क्लॅरिनेटची पारख एकच, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी धाकट्या भावाला, कित्सोसला, बसमध्ये घालून यानिना शहरातल्या या वाद्यांच्या दुकानात आणलं होतं. कित्सोस बायकोच्या मयतालाही रडला नव्हता.

"हा रडला तरच घ्यायचा, नाहीतर पोरीने शाळेतलं अकॉर्डियन वाजवावं," असं आजोबा आदल्या दिवशी कॉफीच्या दुकानात सगळ्या गावासमोर बोलून बसले होते. आता माघार कशी घेणार?

आजोबांचे दात गेलेले, म्हणून वाजवायचं काम दुकानदार झिसिसवर आलं. त्याने एक लाकडी क्लॅरिनेट उचलला आणि मयताचं विलापगीत लावलं. कित्सोसने नाक खाजवलं. दुसऱ्यावर झिसिसने जीव ओतला, तर कित्सोसने जांभई दिली.

तिसऱ्याला शेजारची बेकरीवाली मारूल्या धावत आली. "अगंबाई! कोण गेलं?"

"कोणी नाही हो, वाद्य बघतोय," आजोबा म्हणाले.

"लपवू नका! झिसिसची आई ना? काल तर पाव घेऊन गेली बिचारी!"

तिने बेकरीचं शटर ओढलं आणि मयताच्या रिवाजाप्रमाणे कॉफी चढवली. पाठोपाठ ब्रँडी आली, टोस्ट आले, पाद्रीबुवा आले. रस्त्यात माणसं टोप्या काढून उभी राहिली. सगळे रडत होते. आई घरी भाजी निवडत बसली आहे हे ठाऊक असूनही झिसिस रडत होता. कित्सोस तेवढा टोस्ट कॉफीत बुडवून खात होता.

"हा माणूस नाही, दगड आहे," आजोबा उठले. "चल गं पोरी. अकॉर्डियन."

ख्रिसूलाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने तो प्लॅस्टिकचा क्लॅरिनेट उचलला आणि होता नव्हता तेवढा दम लावून फुंकला.

दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला. पाद्रीबुवांनी क्रूसाची खूण केली. कित्सोसचे खांदे गदगदा हलले. त्याने टोपीत तोंड खुपसलं आणि बाहेर काढलं तेव्हा गालांवर धारा लागल्या होत्या.

"रडला!" आजोबा ओरडले. "पहिल्या फुंकरीत रडवला पोरीने! झिसिस, बांध तो प्लॅस्टिकचा!"

परतीच्या बसमध्ये आजोबा ड्रायव्हरच्या मागे बसून, छाती फुगवून, हीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगत होते. मागच्या सीटवर ख्रिसूलाने हळूच विचारलं, "धाकटे आजोबा, खरंच रडलात?"

"रडतोय कसला! हसू दाबता दाबता मरायची वेळ आली."

तिचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, तुझ्या आजोबाने पहिल्यांदा फुंकला तेव्हाही असाच हसलो होतो मी. त्याचा आवाज तर याहून भयानक. पुढे त्यानेच अख्खा डोंगर रडवला."

ख्रिसूलाने जरा विचार केला, क्लॅरिनेटची पेटी उघडली आणि पुन्हा एकदा फुंकला.

आजोबांनी वळून पाहिलं. ड्रायव्हरसकट सगळी बस डोळे पुसत होती. आजोबाही पुसत होते, पण बाकीच्यांसारखे हसून नव्हे. खरे रडणारे ते एकटेच.