‘खारो वारो’चा ड्रमर

नंदू गुरुवारी दुपारी गेला. दुकानात मिक्सर उघडून बसला होता. छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. त्याच्या बायकोने, सुनंदा वहिनींनी, पहिले फोन केले ते दिरांना नव्हे, बँडमधल्या तिघांना.

बँडचं नाव ‘खारो वारो’. कट्टा गावच्या बाजारात नंदूला कोणी “कसो आसस?” म्हटलं की उत्तर ठरलेलं: “बँड बरो आसा.” स्वतःच्या तब्येतीविषयी तो बोलत नसे. हा बँड जेमतेम दीड वर्ष चालला आणि तो बंद पडूनही पंचवीसेक वर्षं झाली, हे त्याला सांगायची सोय नव्हती. “बंद नाय. आराम करता.”

नंदू पोटासाठी मिक्सर, पंखे, पंप दुरुस्त करी. मुळात तो ड्रमर. ऑर्केस्ट्रा हा शब्द त्याला खपत नसे. बँकेतल्या साहेबांनी एकदा सहज विचारलं, तुमच्या ऑर्केस्ट्राचं काय झालं? त्यांचा मिक्सर गणपती होऊन गेले तरी दुकानातच होता. वरातीसाठी बँड ठरवायला कोणी चुकून आलं, तर त्याला न हाकलता तो गंभीरपणे विचारी, “नवऱ्याक झेपतली मां आमची गाणी?” मग बाकीच्या तिघांना विचारून कळवतो म्हणे. एक जहाजावर, एक मुंबईत, एक मस्कतला. आणि तो खरोखर फोन करून विचारी. तिघेही म्हणत, पुढच्या मे महिन्यात बघू.

दर रविवारी दुपारी घरामागच्या मांगरात, गवताच्या भाऱ्यांमध्ये ड्रम मांडून तो तालीम करी. एकटाच. गिटारची जागा आली की काठ्या मांडीवर ठेवून मान डोलवीत बसे, आणि ती संपली की पुन्हा सुरू. शेजारच्या पडवीत शाळेचे पेपर तपासता तपासता मला त्या मधल्या शांत जागाही पाठ झाल्या होत्या. वहिनी म्हणायच्या, “लगीन माज्या वांगडा केल्यान, संसार मात्र तेंच्या वांगडा.”

बँड चांगला होता, हे मी मैत्रीपोटी लिहीत नाही. दशावतारातल्या पखवाजाची चाल नंदूने ड्रमवर आणली होती, आणि त्यावर तिघे मालवणीतून असं गात की ऐकणाऱ्याला आपलीच भाषा नव्याने ऐकू येई. पण ऐकणारे फार नव्हते. कॉलेजचं गॅदरिंग, देवबागला एका हॉटेलाचं उद्घाटन, आणि शेवटी आमच्या गावची जत्रा.

जत्रेत नाटक उभं राहण्याआधी त्यांना थोडा वेळ मिळाला. शेवटचं गाणं नंदूने गाऱ्हाण्याच्या घाटात रचलं होतं: देवाकडे एकेक मागणं, आणि प्रत्येक मागण्यामागून चौघांनी म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” पहिल्याच मागण्याला चौघांच्या आधी अख्खी जत्रा म्हणाली, “व्हय म्हाराजा.” माणसांनी चपला काढल्या. बायकांनी हात जोडले. एका आजीने पुढे होऊन अॅम्प्लिफायरसमोर नारळ ठेवला. गाणं संपलं आणि एकही टाळी पडली नाही. गाऱ्हाण्याला टाळ्या कोण वाजवतं? तिघांनी मात्र त्या शांततेचा एकच अर्थ घेतला. पावसाळ्याच्या आत तिघेही नोकरीवर रुजू झाले.

पुढच्या वर्षीच्या जत्रेत मी नंदूशेजारी उभा होतो. देवळात खरं गाऱ्हाणं चाललं होतं. गावचे मानकरी आबा नेहमीची मागणी मागत होते, पीकपाणी, गुरंढोरं. मग मध्येच म्हणाले, “जे कोण पोटासाठी भायर गेले, तेंची वाट बघणारे जित्ते आसतानाच तेंका घराक हाड रे म्हाराजा.”

त्यांना घरी आण म्हणणारी ही ओळ नंदूच्या गाण्यातली. आबांच्या कानात राहिली असावी, कुठे ऐकली ते त्यांच्याही लक्षात नसावं. सगळ्यांनी व्हय म्हटलं. नंदूचा आवाज सगळ्यांच्या मागून आला. त्याचा ठेका चुकलेला मी एवढा एकदाच ऐकला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आबांना सांग, ओळ बँडची आहे. वाट चुकलेल्या पर्यटकालाही बँडचा इतिहास ऐकवल्याशिवाय न सोडणारा हा माणूस खाली बघत चालत राहिला.

“नको, मास्तरांनू,” तो म्हणाला. “सगळ्यांनी एकदम मागल्यानी मां? मगे देव आयकतलो. माजा म्हणान सांगलंय तर तो माजोच हट्ट होतलो.”

त्यानंतर दर जत्रेला तो त्याच खांबाशी उभा राहून इतरांसारखाच व्हय म्हणत आला. ती ओळ आपली, असं त्याने कोणालाही सांगितलं नाही.

तिघे बाराव्याला आले. मांगरात जाऊन बराच वेळ बसले. काठ्यांना कोणी हात लावला नाही.

यंदा गाऱ्हाणं आबांच्या मुलाने घातलं. ती ओळ आली, वहिनींनी आणि मी गावाबरोबर व्हय म्हटलं. ‘खारो वारो’चं एकही रेकॉर्डिंग कुठे नाही. एवढी एक ओळ आहे, ती वर्षातून एकदा देवळात म्हटली जाते.