दत्तूमामा आणि हलणारी मुलं

लहान मूल दिसलं की माणसं त्याचा गालगुच्चा घेतात. दत्तूमामा खांद्याचं माप घेतात. टेप खिशात असतेच.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. उल्हासनगरच्या रद्दीत त्यांना कधीतरी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या फोटोंचं पुस्तक मिळालं. त्यात साहेबांची मुलं सोंगं घेऊन बसलेली: कुणी सरदार, कुणी भिकारी, कुणी पंखवाली परी. झालं! मामांनी मखमल आणली, लेस आणली आणि आमच्या भागातली निम्मी पोरं विलायती करून टाकली. मोरिवलीचे एक आजोबा नातवाला झालरीच्या फ्रॉकमध्ये बघून हादरलेच.

"तिकडे मुलगेही फ्रॉकच घालायचे," मामांनी समजावलं.

"तिकरं घालूं दे, मोरिवलीन नको!"

त्यात आणखी एक हट्ट. कॅमेरा नवा डिजिटल, पण शटर मुद्दाम सावकाश मिटणारं. त्या काळी मुलांना फोटोसाठी दगडासारखं बसावं लागे, म्हणून इथेही बसायचं. "हलायचं नाही!" मूल जरा हललं की, "नापास!"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. काळ्या झग्यातला माझा फोटो मामांनीच काढला, झगाही त्यांचाच. त्या उपकाराला स्मरून चिमीच्या, माझ्या मुलीच्या, पहिल्या वाढदिवसाला तिथे गेलो. नाहीतर मोबाइल होताच की.

"ये, ग्रॅज्युएट!" म्हणत मामांनी चिमीला पंख बांधले. ती खुर्चीत एकटी बसेना. मग त्यांनी माझ्या बायकोला, सुनीताला, खुर्चीत बसवलं, डोक्यावरून फुलाफुलांची चादर टाकली आणि चिमीला तिच्या मांडीवर ठेवलं. "तिकडची पद्धत आहे. आईनं आतून धरायचं, बघणाऱ्याला खुर्ची वाटते."

चादरीतून आवाज आला, "अहो, ऐकताय ना? मी काय खुर्ची आहे?"

"खुर्ची बोलत नाही," मामा म्हणाले.

कितीतरी वेळा नापास झाल्यावर चिमी एकदाची पास झाली. चिमीला माझ्याकडे देत सुनीता चादर फेकून उठायला लागली, तर मामा ओरडले, "बसा! आता चादरीशिवाय एक."

"मामा, बास झालं!" माझा आवाज चढला. "घामाघूम झालीय ती. एक फोटो झाला ना, आता आणखी कशाला?"

मामांनी भिंतीकडे बोट केलं. राजाची टोपी घातलेलं एक मूल, मागे चादर टाकलेली खुर्ची. हा फोटो मी कितीदा तरी पाहिला होता. मुलाच्या कमरेला धरलेला बांगड्यांचा हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

"शिवरात्रीच्या जत्रेतला. मीच आहे तो," मामा म्हणाले. "आईचं लुगडं विटलेलं, म्हणून फोटोवाल्यानं तिला झाकलं. पुढच्या शिवरात्रीला ती नव्हती. दुसरा फोटोच नाही रे तिचा. तेवढा हात."

सुनीता परत बसली. मी चिमीला तिच्या मांडीवर दिलं.

"हलायचं नाही," मामा म्हणाले. पण हळू.

चिमी हललीच. फोटोत तिचे पंख, तोंड, सगळं धुरकट उमटलं. सुनीता मात्र स्वच्छ आली, कपाळावरच्या घामासकट.

मामांनी पडद्यावर तिचा चेहरा मोठा करून बघितला.

"पास," ते म्हणाले.