श्मिट काकूंची कुंची

श्मिट काकू म्युझियममध्ये चित्रं बघत नाहीत. चित्रांखालच्या पाट्या वाचतात.

ड्युसेलडॉर्फच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या एकट्या राहतात. मूळच्या साताऱ्याच्या उषा गोडबोले, लग्नानंतर श्मिट. जर्मन नवऱ्याला त्यांनी जन्मभर 'अहो' अशीच हाक मारली. ते गेले तेव्हा शेजारच्या जर्मन आजींनी फुलांच्या चक्राच्या रिबिनीवर 'प्रिय आहो' असं छापून आणलं. काकूंनी रडता रडता सांगितलं, "आ नाही, अ."

मी चळवळीतल्या घरातली. अक्षरओळख झाली तीच पत्रकांवर, आणि लिहीत सुटले तीही पत्रकंच. म्हणून काकू मला 'मोर्चा' म्हणतात. "आला का मोर्चा? बूट बाहेर काढ." रविवारी त्या मला म्युझियमला नेतात आणि प्रत्येक भिंतीपुढे विचारतात, "आल्झो, तर मग, पाटी काय म्हणते?"

पाट्या पुष्कळ काही म्हणतात. म्युझियम सुरू झालं एका राजघराण्याच्या हौसेतून. मग कारखानदारांनी भर घातली. मग नाझींनी नवी चित्रं 'विकृत' ठरवून उतरवली आणि विकली. युद्धानंतर त्यांतली काही म्युझियमला परत विकत घ्यावी लागली. एका भिंतीवर तर नुसती पाटीच आहे. तिथलं चित्र एका ज्यू कुटुंबाकडून हिसकावलेलं होतं, ते त्यांच्या नातवंडांना परत दिलं. काकू सगळ्यात जास्त वेळ तिथे उभ्या राहतात. "चित्र गेलं, पण पाटी खरं बोलते."

गेल्या हिवाळ्यात म्युझियमने गोदामातली जुनी वस्त्रं मांडली. एका काचेमागे लाल खणाची, हिरव्या काठाची, पाठीवर झालर उतरणारी कुंची होती. पाटी म्हणत होती: 'नर्तकीचं शिरोभूषण, पश्चिम भारत.'

"नर्तकी?" काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की रखवालदार धावत आला. "अहो, जिला अजून मान धरता येत नाही, ती नाचणार कशी?" हे सगळं जर्मनमध्ये, 'अहो'सकट.

घरी येताच मी पत्रक लिहिलं: 'लुटलेली कुंची परत करा!' काकूंनी चष्मा लावला.

"लुटली कुणी?"

"यांनीच! दुसरं कोण?"

"माहीत आहे, की वाटतंय?"

"...वाटतंय."

"मग तुझ्या पत्रकात आणि त्यांच्या पाटीत फरक काय?"

मी हटले नाही. ते चित्र परत जाऊ शकतं, तर ही कुंची इथे कशी आली हे विचारायलाच हवं.

"गेनाऊ! अगदी बरोबर. विचार ना. उद्गारचिन्ह खोड, प्रश्नचिन्ह घाल."

म्युझियमला फोन केला. 'आमच्या नोंदीत असंच आहे,' असं उत्तर आलं. काकूंनी रिसीव्हर ठेवला. "नोंद ऐकत नसेल, तर बाळ दाखवू."

बाळ खालच्या मजल्यावरचं. त्याची आई केतकी पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. काकूंनी कपाटातून स्वतः शिवलेली कुंची काढली. तिची घडी अजून कोरी करकरीत होती.

"अय्या काकू, काय क्यूट हुडी आहे!" केतकी म्हणाली.

मला वाटलं, आता केतकीची धडगत नाही. जी बाई बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरच्या जिन्यातल्या नोटिशी पेन्सिलने दुरुस्त करते, ती हे ऐकून घेणार? पण काकू खुर्चीवर बसल्या.

"हुडी नाही गं. कुंची."

"म्हणजे?"

 काकू नुसती झालर सारखी करत राहिल्या. "कुणासाठी शिवली होती?" मी विचारलं.

"लेनासाठी." लेना म्हणजे नात. म्युनिकजवळ गार्चिंगला असते. "सूनबाई म्हणाली, गळ्याशी बंद आहे, धोका नको. बरोबरच होतं तिचं."

रविवारी आम्ही काचेपुढे उभे राहिलो. केतकीच्या कडेवर बाळ, डोक्यावर कुंची, तोंडात मूठ. रखवालदाराने बोलावल्यावर वस्त्रविभागाच्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी काचेकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे पाहिलं. "आख सो, असं होय," त्या म्हणाल्या, आणि लगेच शब्द कसा लिहायचा ते विचारलं.

मी रोमन अक्षरं सांगितली, आपण नेहमी लिहितो तशी. काकूंनी मला अडवलं. "असं लिहिलं की जर्मन माणूस 'कुन्शी' वाचेल. मध्ये टी-एस-सी-एच घालायला सांग."

"एका 'च'साठी चार अक्षरं?" मी भडकले. "आपल्या शब्दाने त्यांचे कपडे का घालायचे?"

"मोर्चा, गप. मोठ्याने वाचलं की बरोबर ऐकू आलं पाहिजे."

तेव्हा मला वाटलं, त्या म्युझियमच्या प्रेक्षकांबद्दल बोलतायत.

वसंतात पाटी बदलली: 'कुंची. तान्ह्या बाळाचं टोपडं, महाराष्ट्र.' खाली माझं प्रश्नचिन्हही होतं: 'संग्रहात कशी आली, याचा शोध सुरू आहे.' तो शोध संपेपर्यंत दर महिन्याला विचारायचं, असं मी ठरवलंय.

ईस्टरच्या सुट्टीत लेना आली. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. काकूंनी तिला काचेपुढे उभं केलं.

"आल्झो, पाटी काय म्हणते?"

लेनाने नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलीसारखं बोट फिरवत वाचलं, "कुं-ची." अगदी साताऱ्यात म्हणतात तसं.

"नॉखमाल," काकू म्हणाल्या. पुन्हा.

"कुंची."

"नॉखमाल."

"कुंची! ओमा, यात चूक आहे का?" तिने आजीला विचारलं.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि मानेनेच नाही म्हटलं.