पांढरा ठसा

"पोरी, टोपीवर भाळू नकोस. खाली काय सांडतं ते बघ!"

वनस्पतिशास्त्राच्या सरांचा तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज बायको अजून हुबेहूब काढायची. बेकरीवाल्याला तो पाठ होता, अर्थ मात्र कधी उमगला नव्हता.

बायको कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. दुसऱ्यांच्या शोधांच्या बाटल्या धुता धुता केस पिकले. अन् परवा बेकरीमागच्या लाकडांत तिला नखाएवढ्या, तपकिरी अळंब्या सापडल्या. तिच्या एकाही यादीत न बसणाऱ्या! तिने एका अळंबीची टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवून वर पेला झाकला. रात्रभरात टोपीखाली बीजाणू झडून ठसा उमटणार, त्याच्या रंगावरून अळंबीचं कूळ ठरणार.

सकाळी बेकरीवाल्याने पेला उचलला, टोपी बाजूला केली. खाली भुकटी! बेकरीतला हात तो. भुकटी दिसली की फडकं फिरतंच. फिरल्यावर चिठ्ठी दिसली : 'हात लावाल तर याद राखा.'

 पण केकवर नक्षी काढण्यात आयुष्य गेलेलं. चिमूटभर मैदा, सुरीचं टोक, आणि काळ्या भागावर उमटली किरणांची नाजूक चकती.

"अहो, पांढरा!" बायको किंचाळली. "टोपीखालच्या पाळ्या तपकिरी आणि ठसा पांढरा! सरांना बोलावते!"

सर काठी टेकत, धापा टाकत आले. प्रयोगशाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओरडले, "अगं, नेहमीच्या तिप्पट मोठे बीजाणू!"

"ओलीनं फुगले असतील," बेकरीवाला पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा हो! आयोडीन टाकू, सर?"

थेंब पडला. सगळं गर्द निळं! मोजक्याच कुळांत असं निळं होतं म्हणे. सर काठी विसरून गिरकी घेते झाले. "पांढरा, मोठा, निळा! असं जगात कुणी पाहिलं नाही, पोरी! घरात बसून नवी जात! आजच कळवू. नाव काय द्यायचं?"

बायकोचे डोळे भरून आले. "ह्यांचं. चिठ्ठी वाचून ह्यांनी ठशाला हातसुद्धा लावला नाही."

सरांनी पेन उघडलं. बेकरीवाल्याने दोन्ही हातांनी ते धरलं.

"लिहू नका, सर... अगं, खरा ठसा मी पुसला. हा आपला मैदा आहे. दोनदा चाळलेला."