कंस उघडणारे गुल्हाने सर

गुल्हाने सर बोलताना हवेत कंस काढतात. टपरीवर "एक चहा आणि समोसा किंवा पोहे" एवढं मागायचं, तरी डावा हात वाकवून कंस उघडतात, "समोसा किंवा पोहे" म्हणतात आणि उजव्या हातानं बंद करतात. कंस नसला तर 'आणि' आधी लागतो, 'किंवा' नंतर, मग टपरीवाला नुसते पोहे देऊन चहा वगळेल, ही त्यांची भीती. टपरीवाला नऊ वर्षं मुकाट्यानं चहा-समोसाच देतो. सर पोचेपर्यंत पोहे संपलेले असतात.

तळेगावात, म्हणजे पुण्याजवळच्या नव्हे, आष्टीजवळच्या, माझं झेरॉक्सचं दुकान आहे, वर सरांचा कॉम्प्युटर क्लास. पहिला महिना ते पोरांना मशीनला हात लावू देत नाहीत. नुसती चिन्हं. अधिक, भागिले, लहान, मोठं, आणि, किंवा. "टायपिंग माकडालेबी येते. एक्स्प्रेशन लिहिता आलं पाह्यजे!" महिन्यात निम्मी पोरं दुसरा क्लास गाठतात. "फॉल्स होते ते," सर म्हणतात. अट बसली की मशीन ट्रू म्हणतं, नाही बसली की फॉल्स.

मीही फॉल्स. हौसेनं त्यांच्याकडे शिकायला गेलो आणि सात भागिले दोन साडेतीन सांगितलं. "पूर्णांकाले पूर्णांकानं भागलं का तीनच येते. अर्धं मशीनले दिसत नाई, तुले काऊन दिसून राह्यलं?"

काकू जाऊन सहा वर्षं झाली. घरात सर आणि मुलगी प्राजक्ता. तिचं लग्न जुळवायला माणसं मध्यस्थ गाठतात, सरांनी प्रोग्राम लिहिला. शिक्षण, नोकरी, उंची, निर्व्यसनी, आणि मुलगा पन्नास किलोमीटरच्या आतला. सगळ्या अटी 'आणि'नं जोडलेल्या, म्हणजे एक चुकली की स्थळ बाद. दोन वर्षांत एकवीस स्थळं बाद झाली. एका मुलाच्या बापानं विचारलं, "पोरात कमी काय हाय?" सर शांतपणे म्हणाले, "अर्धा इंच."

शेवटी प्राजक्तानंच मुलगा आणला. तिच्या कॉलेजातला, आता पुण्यात नोकरीला. सगळ्या अटी बसल्या, फक्त पुणे काही पन्नास किलोमीटरवर येईना.

"बाबा, तेवढी अट काढा ना."

"नियम म्हंजे नियम. मशीन सांगन तेच."

तिनं बापाशी बोलणं टाकलं. मुलाकडच्यांना रविवारी हो-नाही कळवायचं होतं. सरांच्या हट्टापायी चांगलं स्थळ जाणार, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगत होतो.

रविवारी सकाळी सरांनी क्लासवर बोलावलं. आष्टीहून त्यांचे मोठे भाऊ आले, प्राजक्ता कोपऱ्यात उभी, आणि निकाल छापायला मी. सरांनी मुलाची माहिती भरली. अंतर, सातशे. बटण दाबलं.

पडद्यावर ट्रू.

"घ्या! मशीनच हो म्हणते!" मोठे भाऊ ओरडले. प्राजक्ता रडतच फोन घेऊन खाली पळाली, मागून भाऊही पेढे आणायला गेले.

छापायला बसलो, तर अंतराची अट वेगळीच दिसली. आधी 'लहान किंवा बरोबर' अशी जोडखूण होती, त्यातलं 'लहान' गायब. एकटं 'बरोबर' राहिलं की मशीन काही तपासत नाही, समोरचा आकडा गुपचूप भरून टाकतं आणि ट्रू म्हणतं, एवढं मी शिकलो होतो. नऊ वर्षांनी सर सापडले! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"सर, चूक झाली! हे तपासतच नाई. पुणं पन्नास किलोमीटरवर आणून ठेवलं तुम्ही!"

"हळू बोल." सरांनी चष्मा काढून पुसला. "कालच खोडलं मी ते. ती अट माहीच होती रे. पोरगी सकाळच्या एसटीनं मले भेटाले आली का संध्याकाळी परत जाता येईन, एवढंच पाह्यलं होतं. तिचा इचारच नोता केला."

मी निकाल छापायला टाकला. खाली प्राजक्ता फोनवर हसत होती. सर जरा वेळ ते ऐकत राहिले, मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"पुण्याची ट्रॅव्हल्स आपल्या फाट्यावर थांबते का बे? किती घंटे लागतात?"