सासरेबुवांच्या रश्शातलं हार्मोन

अँटवर्पच्या बंदरात उतरलेलं बीफ माझ्या शिक्क्याशिवाय पाऊलभर पुढे सरकत नाही! जनावर फुगवायला कुणी वाढीचं हार्मोन टोचलं असेल, तर प्रयोगशाळेच्या आधी माझ्या नाकाला कळतं. निदान मी सगळ्यांना तसं सांगायचो.

आता आमचे सासरे, खोमार. सासूबाई गेल्यापासून एकटेच असतात. दर रविवारी त्यांच्या हातचा, बिअरमध्ये चार तास शिजलेला बीफचा रस्सा खायला मी आणि बायको, ग्रीट, जातो. रस्सा असा की बशीसुद्धा चाटावी! पण मांस जरा जास्तच गडद, चरबी नावाला नाही, आणि चव किंचित गोडसर.

"बाबा, खाटीक कोण हो तुमचा?"

"जेवा की जावईबापू!"

"नाही, पण नाव काय त्याचं?"

"रस्सा निवतोय!"

दोनदा टाळलं! माझी ट्यूब पेटली. चोरटा माल, हार्मोनवाला! म्हाताऱ्याला कुणीतरी फसवतंय. जीव तुटला हो माझा! स्वयंपाकघरातला एक कच्चा तुकडा गुपचूप पिशवीत घातला आणि तपासायला धाडला. कसर नको म्हणून फॉर्मवर जेवढ्या म्हणून चाचण्या होत्या, त्या झाडून सगळ्यांच्या चौकटींत खुणा केल्या.

पुढच्या रविवारी बंद पाकीट घेऊन ऐटीत टेबलाशी बसलो.

"तुमच्या रश्शाचा अहवाल, बाबा!"

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "राहू द्या ना. जेवणानंतर बघू."

मी ऐकतोय होय! "वाढीचं हार्मोन: आढळलं नाही."

"झालं तर मग! आणा तो कागद इकडे!"

पण माझी जीभ थांबेल तर शपथ! "बीफ: आढळलं नाही."

ग्रीटनं कागद ओढून घेतला आणि पुढची ओळ वाचली. "घोडा?"

शेजाऱ्यांचा लाडका घोडा खाटकाकडे गेला, तेव्हा आठ वर्षांच्या ग्रीटनं शपथ घेतली होती, घोडा कधी तोंडात घालणार नाही!

"तेव्हा तू जेवणच सोडलं होतंस गं," सासरे पुटपुटले. "आईचा हा रस्सा तेवढा खाल्लास. बीफच ना, असं विचारलंस. ती हो म्हणाली. ती गेल्यावर मी कुठल्या तोंडानं सांगू? वाटलं, कळलं तर तू यायचीच बंद होशील."

ग्रीटनं कागदाची घडी घालून तो ताटाखाली सरकवला. मग तिनं डोळे पुसले.

"बाबा, हे बीफच आहे ना?"

"हो गं पोरी."

"मग वाढा अजून."

बापलेक पोटभर जेवले! मला मात्र त्या दिवसापासून वेगळ्या भांड्यात अस्सल बीफ मिळतं. सातासमुद्रापलीकडून आलेलं, माझ्याच शिक्क्याचं. त्यापेक्षा माझा बूट मऊ शिजला असता!